बाबांचं यीस्ट

हॅलो?... कोण, ग्युरी? अगं, नंतर कर ना, मी भट्टीच्या खोलीत आहे, हात चिकट... थांब! ठेवू नकोस! गेल्या नाताळात बाबांच्या यीस्टची बरणी बर्गनला नेली होतीस, ती आहे ना?

टाकलीस?... वास येत होता म्हणून? अगं बाई, यीस्टला वास येणारच! गुलाबाचं अत्तर होतं का ते?

नाही, चिडत नाहीये... हो, चिडलेय! ऐक ना, माझ्या हातून मेलंय ते. आपलं यीस्ट. मेलं.

कसं म्हणजे? पहाटेपासून बियरसाठी चूल पेटवलीय, जुनिपरच्या फांद्या उकळल्या, माल्टचा काढा गाळला, सगळं बाबांसारखं. मग भिंतीवरचं लाकडी कडं काढलं, त्यावर वाळवून ठेवलेलं यीस्ट खरवडलं आणि तांब्याभर काढ्यात जागवायला टाकलं.

हो, हो... वासराला पाजायच्या दुधाइतका कोमट, माहितीये मला! मला धीर कुठला? गरमच होता. बोट घातलं तेव्हा कळलं, चटका बसला... तीन तास झाले. एक बुडबुडा नाही.

निम्मं? नाही गं, राखलं नाही. कडं पार घासून खरवडलं. बाबा दर वर्षी ओरडायचे, निम्मं राखा, निम्मं राखा... मला वाटलं, त्यांच्यामागे पहिलीच बियर, जोरात फसफसू दे.

पाकिटातलं? दुकानातलं? बाबांच्या पिंपात? ग्युरी, तू फोन ठेव.

नाही, ठेवू नकोस.

पिंपातला काढा निवत आलाय. हात घातला तर आता सोसतो. उद्यापर्यंत ठेवला तर नासेल... अगं, बियरचं जाऊ दे! आजोबांपासूनचं यीस्ट, आणि मी एका सकाळीत... नाही रडत. धूर गेलाय डोळ्यात.

कुणाकडे? शेजारच्या स्यूरकाकांकडे?

माहितीये मला, त्यांचं यीस्ट मेलं तेव्हा बाबांनीच आपलं दिलं होतं. पण त्यानंतर त्यांच्या मेंढ्याने आपलं कुंपण मोडलं, आणि अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले का? अंत्यविधीला मागच्या बाकावर बसले आणि तसेच गेले. मीही हाक मारली नाही. आता कोणत्या तोंडाने जाऊ? "काका, बाबांचं यीस्ट मारलं, तुमचं द्या" म्हणून?

जाते गं... जाते म्हटलं ना! बूट तरी... थांब. दार वाजतंय.

कोण आहे? उघडंच आहे, ढकला!

...

ग्युरी, स्यूरकाका आलेत.

या ना, काका. बर्फ झटका... नाही, नाही, बहिणीचा फोन आहे. काय म्हणालात? सकाळपासून धूर दिसतोय... हो... पण आरोळी ऐकू आली नाही?

ग्युरी, ऐकलंस? यीस्ट टाकताना बाबा पिंपात तोंड घालून आरोळी ठोकायचे ना, ती यांना पलीकडच्या शेतावर दर वर्षी ऐकू जायची म्हणे. आज दुपार टळली तरी आली नाही, म्हणून...

डब्यात काय आहे, काका?

...

यीस्ट आहे गं! अर्धंच आणलंय म्हणतात. निम्मं घरी राखलंय. बाबांनीच शिकवलं होतं म्हणे.

हो, काका, रडतेय. रडू द्या मला जरा... नाही, मी नाही टाकत, तुम्हीच बघा किती कोमट आहे ते. कोपर घाला... चालेल? नक्की? तांब्यात आधी जागवू या... हं. बसा ना. मेंढा कसा आहे?... मेला? चार वर्षं झाली? अरेरे.

ग्युरी, आहेस ना अजून? तासभर फोन धरून बसलीस गं! अगं, फेस! फेस आला! काका, वर येतोय बघा, तांब्याबाहेर येतोय! ओता, ओता पिंपात!

चला, ओरडा... मी? बरं, दोघंही. पण काका, तुम्ही तर इथे, मग पलीकडच्या शेतावर ऐकणार कोण?

ग्युरी, तू ऐक. फोन कानापासून जरा लांब धर.

होऽऽऽऽऽऽ!

...

आलं ऐकू?... हॅलो?... बोल ना गं... बरं, बरं, रड. मी ठेवते, पिंप झाकायचंय. आणि हे बघ, नाताळला येशील तेव्हा रिकामी बरणी घेऊन ये.