आबांच्या गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर

आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, ती जुनी परदेशी डिझेल पिकअप तुम्ही पाहायला हवी होती. धरणाच्या कामावरून लिलावात निघालेली, आणि तिला क्लचच नव्हता. आबांचा डावा पाय लुळा, त्यामुळे त्यांना चालवता येईल अशी तेवढी एकच गाडी. एकोणीसशे नव्वदच्या आसपास तिचा टॉर्क कन्व्हर्टर गेला. इंजिनाचा जोर तेलातून चाकांकडे नेणारा तो डबा. तो गेला की इंजिन नुसतं गुरगुरतं, गाडी हलत नाही.

धुळ्याच्या रशीदभाई मिस्त्रींनी बाहेरून दोन कन्व्हर्टर शोधून आणले.

"आबा, हा घट्ट आहे. ओझं ओढेल, पण निघताना झटका देईल. हा दुसरा सैल, सावकाश उचलेल."

मी म्हणालो, "घट्टच बसवा. केळी भरायची असतात."

आबा म्हणाले, "झटका नको. तुनी माय शेजारी बसस, तिनी कंबर दुखस."

सैलच बसवला. संध्याकाळी आईला घेऊन आम्ही भडगावकडे निघालो. गाडी पाण्यावरच्या पानासारखी सरकत होती. आईचा डोळा लागला. बऱ्याच वेळाने ती जागी झाली आणि म्हणाली, "आजून निंघाले नहीत का?"

गाडी पुलावर होती. आबा खालच्या नदीकडे बोट दाखवत हळूच म्हणाले, "खाले देख, गिरणा उनी."