चपला काढायची पायरी

चहा आधी खाली ठेव, नाहीतर सांडशील.

आमच्या आमगावकडच्या गावात बुद्धविहाराच्या एका खोलीत संग्रहालय आहे. तलावाचा गाळ काढताना बुद्धाचं दगडी शिर सापडलं, ते विहारात ठेवलं, मग लोक घरातल्या जुन्या वस्तू आणून देऊ लागले. असं ते सुरू झालं. देखरेख माझ्याकडेच. कोणी चपला घालून आत शिरलं की मी ओरडायचो, "पायरीवर काढा ना."

शिराचं धड मात्र मिळेना. दर उन्हाळ्यात पाणी आटलं की आम्ही तलाव पालथा घालायचो.

गेल्या महिन्यात दारातली ती पायरी हलायला लागली. विहार बांधला माझ्या बाबांनी, मिस्त्री होते ते. त्या दिवशी तेही समोर खुर्ची टाकून बसले होते. मी अन् गावातल्या एका पोरानं लोखंडी सब्बल लावून दगड उलटवला.

खालच्या अंगाला चिवराच्या चुण्या होत्या. मांडीवर ठेवलेले दोन हात. मान तुटलेली.

मी विचारलं, "बाबा, हे तुमाले माहीत होतं?"

"दगड तलावाच्या पाळीवरून आणला होता," बाबा म्हणाले. "शेवाळानं भरला होता, काही तरी कोरलं होतं त्याच्यावर. लोकायच्या पायाले टोचल म्हणून मीच पालथा बसवला."

"अन् शिर सापडलं तवा?"

"तवा आठवणच नाही राहिली. मी बी तुमच्यासंग तलावातच शोधून राहिलो होतो."

मग बाबा उठले. पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, आणि कुठं ठेवू म्हणून माझ्याकडे पाहत राहिले.