बटणांवरचा दिवा

तुमच्या मोटारीचं काय घेऊन बसलात? लोणावळ्यात मी एका वकीलसाहेबांची जुनी मोटार चालवायचो. तिच्या डॅशबोर्डच्या बटणांवरचा दिवा मंद झाला आणि ऐन घाटात, धुक्यात, बटणं न दिसल्यानं मी चुकून इंजिनच बंद केलं. साहेब म्हणाले, "दिवा दुरुस्त कर, नाहीतर नोकरी सोड."

कामशेतचे गोपाळमिस्त्री दोन दिवस खपले. "बल्ब नवा, वायर बी नवी. समदं ठीक हाय, पर उजेड न्हाई."

तेवढ्यात वकिलीणबाई चहा घेऊन आल्या. "दिव्याच्या काचेवर मी दसऱ्याचं कुंकू लावलंय ना."

आम्ही काचच लाल समजत होतो. मिस्त्रींनी फडकं काढलं.

"पूजेचं कुंकू पुसताय?"

मिस्त्रींनी शेजारी भोक पाडून दुसरा दिवा बसवला.

पुढच्या दसऱ्याला बाईंनी दोन्ही दिव्यांची पूजा केली.