चिठ्ठ्यांमधली ओळखीची अक्षरं

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी संघाचे प्रमुख माननीय वरुणराव, कुंभकोणमहून एवढ्या उन्हात बसनं आलेले पाहुणे प्राध्यापक सतीशकुमार, माझ्यानंतर निवडणुकीचं काम हाती घेणारी आपली दिव्यश्री, संघाचे वडीलधारे सभासद, समोर बसलेल्या आयाबहिणी, आणि पंख्याखालची जागा धरून बसलेली मुलं, आपणा सर्वांना या वेंकटरमणाचा नमस्कार.

हार मिळाला, शाल मिळाली. मे महिन्यात तंजावूरला माणसाला शाल पांघरायची पद्धत कुणी काढली, देव जाणे. वरुणराव माझ्याबद्दल जे बोलले ते मी खाली मान घालून ऐकलं. ते म्हणाले, तेवीस वर्षं या माणसानं संघाच्या मतांची मोजणी केली, आणि याच्या पोटातून एक शब्द बाहेर गेला नाही. त्या एका वाक्यामुळे मला आज ठरल्यापेक्षा थोडं जास्त बोलावं लागणार आहे. स्वयंपाकघरात भात तयार आहे, मला वास येतो आहे. तरी ऐकून घ्या.

पाहुण्यांसाठी मी पुस्तकी मराठीत बोलतो आहे. घरी असं बोललो तर बायको कपाळाला हात लावून ताप बघेल. मुलांना यातलं निम्मं कळणार नाही. त्यांनी शेजारी बसलेल्यांना तमिळमधून विचारावं.

आपल्या निवडणुकीचा नियम तुम्हाला माहीत आहे, पाहुण्यांना सांगतो. कोऱ्या चिठ्ठीवर उमेदवाराचं पूर्ण नाव स्वतःच्या हातानं देवनागरीत लिहायचं. तमिळमध्ये लिहिलं तर मत बाद. आपल्या आजोबांच्या पिढीनं अभिमानानं केलेला नियम आहे. आता लिपी येते मोजक्या लोकांना. बाकीचे फळ्यावरची नावं बघून बघून काढतात, दारातली कोलमची रांगोळी काढावी तशी. पेटीला कुलूप, किल्ली दुसऱ्याकडे, चिठ्ठीला चार घड्या. सगळं चोख असतं. आणि मोजायला तुम्ही बसवलंत कुणाला? मला. पोस्टात चौतीस वर्षं पत्रांचं सॉर्टिंग केलेल्या माणसाला. पाकिटावरचा पत्ता पाहिला की पाठवणारा कोण, हे मला पाकीट न उलटता कळायचं. तुमची घडी उघडली की तुम्ही माझ्यासमोर उभे असायचात.

मुद्दाम बघत होतो का? नाही हो. पण डोळे कुठे नेऊन ठेवू? सभेत वरुणरावांविरुद्ध टेबल आपटून बोलणारे एक गृहस्थ आहेत, ते चिठ्ठीवर दर वेळी वरुणरावांचंच नाव लिहितात. मागे वळून पाहू नका, मी नाव घेतलेलं नाही. समितीवर उभ्या राहिलेल्या दोन सख्ख्या भावांनी एकमेकांना मत दिलं नाही, आणि त्याच दिवशी पंगतीत ते गळ्यात गळे घालून बसले होते. मी त्यांना वाढत होतो. हे सगळं मनात ठेवून मी तुमच्या लग्नांना आलो, बारशांना आलो, पायसम प्यायलो. थकलो. लोकांना वाटतं मी मोजणीनं थकलो. मी माहीत असण्यानं थकलो आहे.

ओरत्तनाडूला माझा मेव्हणा शाळेत मास्तर होता. पंचायतीच्या निवडणुकीत त्याला ड्यूटी लागायची. त्यानं मला सांगितलं, तिथे कागद छापलेला, चिन्हं छापलेली, आणि सगळ्यांच्या हातात एकच शिक्का. मोठ्या साहेबानं मारला काय, रोजावर जाणाऱ्यानं मारला काय, ठसा सारखाच. मोजण्याआधी कागद एकमेकांत मिसळून टाकतात. हे मी आपल्या सभेत मांडलं. उत्तर आलं, शिक्का अडाण्यांसाठी असतो, आपण काय अडाणी आहोत? आणि कुणीतरी म्हणालं, वेंकटरमण मोजतो ना, मग काळजी कसली? टाळ्या पडल्या. मीही हसून खाली बसलो. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आता अकरा वर्षांपूर्वीची निवडणूक. एका बाजूला वरुणराव, दुसऱ्या बाजूला आपले प्रद्युम्नराव, आज ते हयात नाहीत. सत्तेचाळीस मतं पडली. अडतीस विरुद्ध नऊ, वरुणराव निवडून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कॉफीला बोलावलं. त्यांच्या ओट्यावर आम्ही दोघंच होतो. म्हणाले, "नऊ कोण रे?"

म्हटलं, "ते सांगता येत नाही."

"सांगू नकोस. मी नावं घेतो, तू फक्त नाही म्हण."

यात काय धोका आहे, हे मला त्या वेळी खरंच उमजलं नाही. त्यांनी पहिलं नाव घेतलं. त्या माणसानं यांनाच मत दिलं होतं. मी म्हणालो, छे, ते नव्हेत. दुसरं नाव. नाही. तिसरं नाव. नाही हो, उगाच कुणावर संशय घेऊ नका. तिन्ही वेळा मी खरं बोललो आणि तीन भल्या माणसांना वाचवल्याचा आनंद झाला. चौथं नाव त्यांनी चंद्रमतीबाईंचं घेतलं. बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी मी आदल्या दिवशी उघडली होती. तिच्यावर प्रद्युम्नरावांचं नाव होतं. खोटं बोलवेना. मी कॉफीचा पेला उचलला आणि तोंडाला लावला. एवढंच केलं. वरुणराव म्हणाले, "सरि, ठीक." बस, विषय संपला.

घरी येताना मला वाटत होतं की मी कुणाचंच मत फोडलं नाही. मूर्खपणा तरी किती असावा.

चंद्रमतीबाई तेव्हा याच सभागृहात दर रविवारी मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवत. पगार नाही, मानधन नाही. तिरुवैयारूहून बसनं यायच्या, पिशवीत पाट्या घेऊन. चौदा मुलं होती. पुढच्या महिन्यात सभागृहाची डागडुजी निघाली आणि वर्ग तूर्त बंद झाला. एक भिंत रंगवून झाली. तूर्त म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली. मघाशी मी म्हणालो ना, मुलांना माझं भाषण कळणार नाही? ते त्यांचं चुकलं नाही, आपलं चुकलं.

वरुणराव, तुम्ही मान हलवता आहात. हलवा. मी इथे तुमच्यावर खटला भरायला उभा नाही. तुम्हाला ती नऊ मतं जिव्हारी लागली, तुम्ही विचारलंत. माणूस विचारतोच. उत्तर माझ्याजवळ असायलाच नको होतं.

आता जे सांगतो ते अंबुजाला, म्हणजे माझ्या पत्नीला, विचारून सांगतो. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि मी एक शब्द इकडचा तिकडे केला तर तिथूनच दुरुस्त करेल.

गेल्या आठवड्यात दुपारी जेवणं झाल्यावर मी हे भाषण लिहून तिला वाचून दाखवलं. ती चिंच निवडत होती. भाषणात एक वाक्य होतं. चंद्रमतीबाईंनी प्रद्युम्नरावांना मत दिलं, तो त्यांचा हक्क होता, आणि मी ते फोडलं, याची जाहीर माफी मागतो. अंबुजा म्हणाली, "पोदुम. पुरे. हे सभेत वाचू नका."

"का? तुला लाज वाटते?"

"ती चिठ्ठी माझी होती."

मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मी म्हणालो, "अगं, अक्षर चंद्रमतीबाईंचं होतं. मी अक्षरात चुकत नाही."

"अक्षर तिचं, मत माझं. माझी चिठ्ठी तिनं लिहिली, तिची मी लिहिली. पाण्याच्या पिंपामागे उभं राहून."

"पण का?"

"का म्हणजे? मी बघून काढलेली अक्षरं तुम्ही शंभरात ओळखाल. तुमचे वरुणराव इतकी वर्षं खुर्चीत बसलेत, मला ते नको होते. मी तसं मत दिलं असतं तर तुम्ही तोंडानं काही बोलला नसतात, पण महिनाभर माझ्याकडे पाठ करून जेवला असतात. तिच्या अक्षरावर तर अर्ध्या संघाची मुलं शिकलेली, तीही लपणार नव्हती. मग आम्ही दोघींनी अदलाबदल केली."

बघा सभासद हो. मत गुप्त राहावं म्हणून दिल्लीत मोठमोठी माणसं बसून जे ठरवतात ते आपल्या संघाला पन्नास वर्षांत जमलं नाही, आणि दोन बायकांनी पिंपामागे दोन मिनिटांत जमवलं. मोजणाऱ्या नवऱ्यालासुद्धा कळू नये अशी तजवीज. ती मी कॉफी पिता पिता मोडली.

मी अंबुजाला विचारलं, अकरा वर्षं गप्प का बसलीस? बाईंचा वर्ग गेला, तुला काही वाटलं नाही? ती म्हणाली, "वर्ग कशानं गेला ते मी ओळखलं होतं; त्याच महिन्यात वरुणरावांच्या घरी खरं सांगायला निघाले होते. चंद्रमतीनं हात धरून बसवलं. माझी चिठ्ठी कुठली ते मी सांगितलं, की तिची कुठली ते तुम्हाला कळलंच. ती म्हणाली, वर्ग जातो आहे तर जाऊ दे, मताचं गुपित जाता कामा नये." मग चिंचेचं ताट उचलून आत गेली. चाळीस वर्षांच्या संसारात मला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं, ते तुमच्यापुढे कबूल करतो.

परवा आम्ही दोघं तिरुवैयारूला गेलो. चंद्रमतीबाईंनी बसायला दिलं, ताक दिलं. मी सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी विचारलं, "बाई, तुमची खरी चिठ्ठी कोणती, हे मला आता कळलं आहे. अंबुजाच्या अक्षरातली. मला ती आठवते. सभेत सांगू का?"

त्या म्हणाल्या, "सांगून काय होईल? ती वरुणरावांच्या बाजूची निघाली तर मला वर्ग मिळायचा, आणि विरुद्ध निघाली तर नाही, असंच ना? मग फरक काय पडला? मी कुणालाही मत दिलेलं असो, वर्ग बंद व्हायला नको होता. सांगायचं तर तेवढं सांगा. अंबुजाचं मत अंबुजानं सांगितलं, तो तिचा प्रश्न. माझं माझ्याकडे राहू द्या."

म्हणून तेवढंच सांगतो आहे. चंद्रमतीबाईंनी कुणालाही मत दिलेलं असो, त्यांचा वर्ग बंद व्हायला नको होता. वरुणराव, बाईंच्या खऱ्या चिठ्ठीवर कुणाचं नाव होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. उद्या कॉफीला बोलावलंत तर येईन. पण तुम्ही संघाच्या यादीतलं कुठलंही नाव घ्या, माझं उत्तर प्रत्येक नावाला एकच येईल, माहीत नाही. हे मला अकरा वर्षांपूर्वी पहिल्याच नावाला म्हणता आलं असतं.

आता दिव्यश्रीविषयी थोडं, मग मी बसतो. ही मुलगी चेन्नईत कॉम्प्युटरचं काम करते. तिनं आधी फोनवरून मतदान करायची व्यवस्था आणली. मी विचारलं, कुणी कुणाला मत दिलं हे कुणाला कळेल? म्हणाली, "कुणालाच नाही, मामा. म्हणजे, मीच बघायचं ठरवलं तर." म्हटलं, तू बघशील? "छे." म्हटलं, बाळ, मीही तेवीस वर्षं असंच म्हणत होतो. आठ दिवसांनी कागद घेऊन आली. दोन्ही लिपींत छापलेली नावं, शेजारी फोटो, सगळ्यांना एक शिक्का, आणि उभं राहायला पुठ्ठ्याचा आडोसा. मोजण्याआधी चिठ्ठ्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यात ओतून ढवळायच्या, आणि मोजायला दोन्ही बाजूंची माणसं समोर बसवायची.

समितीनं ते पुढच्या बैठकीवर ढकललं आहे. दोन बैठका होऊन गेल्या. मला निरोप द्यायचाच असेल तर ही शाल परत घ्या आणि तो कागद मंजूर करा. मोजणारा भला माणूस आहे यावर तुमची निवडणूक चालू नये. दिव्यश्री भली आहे, मीही काही वाईट नव्हतो. आणि रविवारी सकाळी या सभागृहाचं दार उघडं असावं. बाई येतील की नाही, ते मला माहीत नाही. दार उघडं असावं, इतकंच माझं मागणं आहे.

आपण सर्वांनी जेवण निवत असताना ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. पाहुण्यांचे आभार, हार ओवणाऱ्या मुलींचे आभार, मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. बोलण्यात कुणाला कमीजास्त वाटलं असेल तर पोटात घाला, ते तुम्ही घालालच.

चंद्रमतीबाई, तुम्ही मागच्या खांबाजवळ बसला आहात, मी येतानाच पाहिलं. तुमच्याकडे मी माफी मागतो, आणि ती रिवाजाची नाही. द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. पण काय ठरवलंत ते मला सांगू नका, बाई. मला ते कळायला नको.

नमस्कार.