‘ये’ कुणी म्हणायचं

मंडळी, मी बसूनच बोलते. उभं राहायचं बळ आज नाही. तुम्ही कामं टाकून यांच्या आठवणीसाठी कुवेंपुनगरच्या या हॉलमध्ये आलात. कारखान्यातली माणसं बन्नूरहून बसने आली. आधी त्याबद्दल आभार मानते.

मी पुस्तकं वाचते, भाषणं करत नाही. शब्द अडले तर थोडं थांबा.

साताऱ्याहून आम्ही मैसूरला आलो, तेव्हा आमचा निखिल शाळेत होता. हे काय काम करतात असं कुणी विचारलं, की मी ‘ऑफिसात असतात’ एवढंच सांगायचे. रिस्क, कंप्लायन्स हे शब्द ऐकून ऐकून पाठ झाले होते, कळत काही नव्हतं. मग यांच्या टेबलावरचं वाचायला लागले. ऑन्टॉलॉजी या शब्दापाशी अडले. विचारलं.

म्हणाले, “धोका कुठला, तो कशातून येतो, त्याला अडवतं काय, आणि त्यावर लक्ष कुणाचं. कोण कुणाचं काय लागतं, ते सगळ्या खात्यांनी बसून एकदा ठरवायचं.”

मी म्हटलं, “म्हणजे पगार घेऊन सोयरिकी जुळवता.”

“जुळवतो कसल्या, भांडणं सोडवतो.”

मंजुनाथ पुढे बसलेत. ते यांच्या कंपनीच्या कारखान्यात सुरक्षा बघतात. परवा घरी आले, तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली. एक व्हॉल्व्ह गळत होता. देखभालवाले त्याला नेहमीची दुरुस्ती म्हणत. सुरक्षावाले किरकोळ घटना म्हणत. नियम तपासणाऱ्या कंप्लायन्सवाल्यांच्या कागदावर ती त्रुटी होती. प्रत्येकाकडे थोडं थोडं, म्हणून कुणालाच मोठं वाटेना. यांनी सगळ्या साहेबांना मीटिंगमधून उठवलं आणि त्या व्हॉल्व्हपुढे नेऊन उभं केलं. “आधी बघा. मग नाव द्या. सगळे मिळून एकच द्या.”

मंजुनाथ म्हणाले, “अम्मा, भर उन्हाळा, सगळे इस्त्रीच्या शर्टात. मनातल्या मनात सारना शिव्या देत होतो. मी पण.”

व्हॉल्व्ह त्याच दिवशी बदलला. त्या व्हॉल्व्हच्या शेडमध्ये काम करणारी माणसं आज मागच्या रांगेत बसली आहेत. धडधाकट आहेत. मला आणखी काय हवं?

मग यांचं आजारपण आलं. निखिल पुण्याला. त्याचा एकच प्रश्न असायचा, “आई, मी येऊ का?” मी म्हणायचे, बरे आहेत. डॉक्टर म्हणायचे, स्थिर आहेत. घरी येणारी नर्स म्हणायची, जरा सुस्ती आहे. पोरगं गोंधळून जायचं. आणि वेळेवर पोहोचलो नाही तर, ही धास्ती त्याला झोपू देत नव्हती. मलाही.

यांनी पलंगावरून ते ऐकलं. म्हणाले, “आपल्या घराचं ऑफिस झालं की.”

त्याच संध्याकाळी नर्सला थांबवून घेतलं, निखिलला फोनवर घेतलं, आणि ठरवायला बसले. आपल्या हाताने जेवले, तर ‘बरं’. भरवावं लागलं, तर ‘ठीक’. आणि तिसरा शब्द, ‘ये’. तो ऐकला की निखिलने कारण विचारायचं नाही, निघायचं.

निखिल म्हणाला, “पण बाबा, तो शब्द म्हणणार कोण?”

यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “फक्त ही. ही घाबरून बोलणार नाही, आणि मला बरं वाटावं म्हणून लपवणारही नाही.”

इतक्या वर्षांच्या संसारात माझं एवढं कौतुक यांनी कधी केलं नव्हतं.

एका सकाळी कॉफी पुढे केली, तर यांनी मान फिरवली. मैसूरला आल्यापासून कॉफीला यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. मी थोडा वेळ नुसती बघत बसले. आधी बघा, मग नाव द्या. मग फोन लावला आणि म्हटलं, “ये.”

निखिलने काही विचारलं नाही. दिवस मावळायच्या आत तो दारात होता. यांनी डोळे उघडले, त्याला नीट पाहिलं आणि विचारलं, “जेवलास?” दुसऱ्या दिवशी हे गेले. मुलाचा हात हातात होता.

म्हणून मी रडत असले, तरी माझी तक्रार कुणाबद्दलच नाही. देवाचे, डॉक्टरांचे, त्या नर्सचे आभार. आणि यांच्या कामाचे आभार, ज्याला मी सोयरिकी म्हणून हसले होते.

ऑफिसातल्यांनो, ते काम अर्धं राहिलंय असं ऐकते. पुरं करा. पण खोलीत बसून नको. ज्याला नाव द्यायचं, त्या वस्तूपुढे उभे राहून करा.

आता थोडा वेळ कुणी काही बोलू नका. इथे मराठी बसलेत, कन्नड बसलेत. या गप्प बसण्याचा अर्थ मात्र आपल्या सगळ्यांचा एकच आहे, आणि तो ठरवायला बसावं लागलं नाही.