रेड्याच्या पुढे

(सुरत, नवागाममधली एक खोली. दुपार. सून जयश्री खाली बसून साडीवर खडे चिकटवते आहे. सासू उषाबाई तिला हात लावता लावता मोबाइलवर एक व्हिडिओ बघते आहे. मुलगा योगेंद्र आफ्रिकेतून सुटीवर आला आहे.)

उषाबाई : मग पळत कोण व्हतं?

योगेंद्र : रेडा पळत होता.

उषाबाई : आणि तू?

योगेंद्र : मी त्याच्या पुढं होतो.

उषाबाई : म्हंजे पळतच व्हता ना तू.

योगेंद्र : माय, रेड्याच्या पुढं राहायचं तर पळावंच लागतं. चालत जमत नाही.

जयश्री : आई, तो मोबाइल ठेवा ने आता. गोंद लागलाय त्याला.

उषाबाई : लागू दे. सार्‍या गल्लीनं पाह्यलं, मीच पाह्यलं नव्हतं. गोपालनं दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर लावलं व्हतं म्हणे. शेजारची चंचल पळत आली, म्हणे, मावशी, तुमचा योगेंद्र टीव्हीवर शे. मी पदर नीट करून गेली. म्हटलं, सत्कार व्हत असेल.

योगेंद्र : मग?

उषाबाई : मग काय. रेडा दिसला.

योगेंद्र : हं.

उषाबाई : तू मले काय सांगितलं व्हतं? तळ्याकाठी हॉटेल शे. पाहुणे येतात. मी त्यायले नावेत फिरवतो.

योगेंद्र : त्यात खोटं काय आहे? तळं आहे, पाहुणे येतात, मी नाव चालवतो.

उषाबाई : पाहुणे बंदुका घेऊन येतात, हे नही सांगितलं.

योगेंद्र : काही जण फक्त कॅमेरा घेऊन येतात.

जयश्री : शिकारीचा कॅम्प आहे आई तो. सरकार परवाना देतं, एटले म्हणजे ठरलेलीच जनावरं मारायची. चोरीचं काम नाही.

उषाबाई : तुले माहीत व्हतं?

जयश्री : शिकार माहीत होती. रेडा माहीत नव्हता.

उषाबाई : मले कसाले नही सांगितलं?

जयश्री : तुम्ही जेवण सोडलं असतं.

उषाबाई : आते सोडते.

जयश्री : आता जेवून झालं तुमचं.

उषाबाई : आणि तो कडोदर्‍याचा शेठ? तू त्याच्या साडीच्या लूमवर व्हता, त्यानं तरी तुले खरं सांगून पाठवलं व्हतं का?

योगेंद्र : शेठ म्हणाला, भाच्याची तिकडं तळ्यावर जागा आहे, जनरेटर आणि नावेचं इंजिन सांभाळायला भरवशाचा माणूस पाहिजे. लूमची मोटर बांधतोस तर इंजिनही जमेल. रेड्याचं शेठला काय माहीत? त्याचा साड्यांचा धंदा.

उषाबाई : तठे आणखी काय काय शे?

योगेंद्र : राहू दे ना माय.

उषाबाई : सांग. आते काय राह्यलं लपवायचं?

योगेंद्र : हत्ती आहेत. सिंह आहेत. पाण्यात मगरी. आणि पाणघोडे.

उषाबाई : चला, घोडा तरी बरा.

योगेंद्र : तो घोडा नाही. डुकरासारखा असतो. टेम्पोएवढा.

उषाबाई : मग घोडा कसाले म्हणतात?

योगेंद्र : नाव मी नाही ठेवलं.

उषाबाई : काही करतो का तो?

योगेंद्र : नाव उलटी करतो.

उषाबाई : तुझी केली कधी?

योगेंद्र : माझी नाही.

जयश्री : मला म्हणाला होतात, ते लाजाळू असतात.

योगेंद्र : दिवसा लाजाळू असतात.

उषाबाई : दवाखाना?

योगेंद्र : आहे. तळ्याच्या पलीकडच्या काठाला.

उषाबाई : पलीकडे म्हंजे? आपल्या तापीच्या पलीकडे जातात तसं?

योगेंद्र : तापीचा दुसरा काठ दिसतो माय. याचा दिसत नाही. कॅम्पला रस्ताच नाही. पीठ, मीठ, डिझेल, माणूस, सगळं नावेतून.

उषाबाई : आणि त्या रेड्यानं तुझं काय घोडं मारलं व्हतं?

योगेंद्र : रेड्यानं काहीच केलं नव्हतं. एक पाहुणा आला होता. म्हातारा, शांत माणूस. त्याच्या देशात खिडक्या विकतो. त्याला आयुष्यात एक रानरेडा मारायचा होता.

उषाबाई : कसाले?

योगेंद्र : मी विचारलं होतं. म्हणाला, लहानपणापासून मनात होतं.

उषाबाई : लहानपणी कोणी समजावलं नही त्याले?

योगेंद्र : डोकं घरी नेऊन भिंतीवर लावतात. मटण गावात वाटतात.

उषाबाई : त्याच्या बायकोले चालतं? भिंतीवर रेड्याचं डोकं?

योगेंद्र : तीच तर व्हिडिओ काढत होती. तिनं तो नेटवर टाकला, म्हणून इथवर आला.

जयश्री : पुढं सांगा.

योगेंद्र : तुला सांगितलंय की.

जयश्री : फोनवर सांगितलं. म्हणालात, थोडी गडबड झाली, कॅम्पवरच्या टेंडाईला लागलं, मी ठीक आहे. बस. मग तुमचा फोनच नाही लागला. बाकीचं मी गोपालच्या दुकानात बघितलं.

योगेंद्र : खिडकीवाल्यानं गोळी मारली. नीट लागली नाही. रेडा जखमी होऊन गवतात शिरला. उंच गवत असतं काठाला, आपल्या उसासारखं. आता तिथला नियम असा, की जखमी जनावर तसंच सोडायचं नाही. मागं जाऊन संपवायचंच.

उषाबाई : हा नियम बरा शे.

योगेंद्र : पाहुण्याला नावेत बसवला. परवानावाला शिकारी आणि टेंडाई गवतात गेले. टेंडाई माग काढतो. वाकलेलं गवत बघून सांगतो, इथून गेला, इथं थांबला. त्याच्याकडं बंदूक नसते.

उषाबाई : आणि तू कुठं?

योगेंद्र : नावेच्या पंख्यात शेवाळ अडकलं होतं. गुडघाभर पाण्यात उभा राहून ते काढत होतो. रेडा गवतात वळसा घालून मागून आला. त्या दोघांना पुढं वाटत होता, आणि तो माझ्याकडं निघाला.

उषाबाई : नावेत का नही चढला?

योगेंद्र : मी पळालो तिकडं नाव नव्हती.

उषाबाई : अरे, नावेपाशीच उभा व्हता ना तू!

योगेंद्र : ते नंतर लक्षात आलं.

उषाबाई : मग पाण्यात तरी शिरायचं.

योगेंद्र : पाण्यात मगरी होत्या.

उषाबाई : तेवढं बरं लक्षात व्हतं.

योगेंद्र : तेवढंच लक्षात होतं.

उषाबाई : इथं तू ओरडतो. ऐक. हे बघ. 'माय वं' म्हणून ओरडतो.

योगेंद्र : बंद कर ते.

उषाबाई : गल्लीतली पोरं त्यावरच हसत व्हती. मले काही हसू आलं नही.

जयश्री : मी आवाज बंद करून बघितला आधी. मग आवाज लावून बघितला. आवाज लावायला नको होता.

उषाबाई : आणि हा मागं कोण नाचतो? टोपी हलवून? याले पाहून तर गल्लीतली शोभा पोट धरून हसली.

योगेंद्र : तो नाचत नाही, माय.

उषाबाई : मग काय करतो?

योगेंद्र : तो टेंडाई आहे.

जयश्री : हाच टेंडाई?

योगेंद्र : शिकार्‍याला गोळी मारता येत नव्हती. रेडा आणि मी एकाच रेषेत होतो, मारली असती तर मला लागली असती. टेंडाई गवतातून बाहेर आला, टोपी काढली, आणि रेड्याला हाका मारत मोकळ्या जागेत उभा राहिला. रेडा वळला. व्हिडिओ तिथंच संपतो. बाईच्या हातातून मोबाइल पडला.

उषाबाई : पुढं?

योगेंद्र : पुढं काय. वळला तो त्याच्यावर गेला. त्याला उचलून फेकला. मग शिकार्‍यानं गोळी मारली आणि रेडा पडला तो टेंडाईच्या पायावरच.

उषाबाई : अरे देवा.

योगेंद्र : सगळ्यांनी मिळून रेडा हलवला. खिडकीवालाही होता. नावेत टेंडाईचं डोकं मांडीवर घेऊन तोच बसला, पलीकडचा काठ येईपर्यंत. वारा सुटला होता, लाटा नावेत येत होत्या. पंख्यात अजून थोडं शेवाळ होतंच, इंजिन मधे मधे गुदमरायचं. टेंडाई मला म्हणाला, बोलत राहा, मला झोपू देऊ नको.

जयश्री : काय बोललात?

योगेंद्र : काय बोलणार? इंजिनाकडं लक्ष. लूमबद्दल बोललो. धागा तुटला की मशीन कसं थांबतं, कसा जोडायचा. सगळं सांगून झालं, तरी काठ येईना. मग साड्यांचं सांगितलं. तू खडे लावतेस ते सांगितलं. तो म्हणाला, कपड्यावर दगड कशाला लावतात?

जयश्री : मग?

योगेंद्र : म्हटलं, घरी विचारून सांगतो.

उषाबाई : वाचला ना तो?

योगेंद्र : वाचला. पाय जोडला डॉक्टरांनी. पण तो पाय आता वाकत नाही. कुबडी घेऊन चालतो.

उषाबाई : लेकरंबाळं?

योगेंद्र : दोन मुली. बायको कॅम्पमध्ये कपडे धुते.

उषाबाई : बरं. आते माझं ऐक. मी भूपेंद्रशी बोलली. कामरेजले नवं युनिट निघालं, तठे मोटरीवर माणूस पाहिजे. तुझा मावसभाऊ शे, तुझ्यासाठी जागा धरून बसला. सोमवारी ये म्हणतो.

योगेंद्र : मी परत जाणार आहे, माय.

उषाबाई : कुठं?

योगेंद्र : तिकडंच.

उषाबाई : जयश्री, ऐकलं का? एकदा पळून भागलं नही याचं.

जयश्री : ऐकलं.

उषाबाई : मग बोल काही तरी. नवरा तुझा शे.

जयश्री : का जाताय?

योगेंद्र : टेंडाईला माग काढता येणार नाही आता. गवतात कुबडी चालत नाही. भाचेशेठ म्हणतो, माणूस चांगला आहे, पण बसवून कुठवर ठेवणार? तर मी म्हणालो, त्याला माझं काम द्या. इंजिन बसल्या बसल्या चालवता येतं. एका जागी बसून दुरुस्तही करता येतं.

जयश्री : आणि तुम्ही?

योगेंद्र : मी त्याला शिकवतो. त्याला आलं की माझं तिथं काम राहत नाही. मग मी कामरेजला.

जयश्री : एटले तुमची नोकरी तुम्हीच देऊन येणार.

योगेंद्र : हो.

जयश्री : भाचेशेठ मानला?

योगेंद्र : एक हंगाम देतो म्हणाला. हंगाम संपायच्या आत याला आलं तर ठेवीन.

उषाबाई : दुसरं कोणी नही का शिकवायले?

योगेंद्र : तिथं इंजिनाचं मीच बघतो.

उषाबाई : फोनवर शिकव.

योगेंद्र : तो तिकडं पाना धरणार आणि मी इथून सांगणार?

उषाबाई : लोक काय काय शिकतात फोनवर. समोरच्या वर्षाची सून केक शिकली.

योगेंद्र : केक बिघडला तर कुणी तळ्याच्या मधोमध अडकत नाही.

जयश्री : आई, राहू द्या.

उषाबाई : तू त्याच्या बाजूनं शे का?

जयश्री : नाही. मला रोज पहाटे जाग येते आणि मी घड्याळ बघते, तिकडं आता किती वाजले असतील. मी कुणाच्याच बाजूनं नाही. पण त्यानं टोपी काढली नसती, तर आज आपण हे बोलत नसतो.

उषाबाई : ...फोन लाव त्याले.

योगेंद्र : कुणाला?

उषाबाई : त्या टोपीवाल्याले.

योगेंद्र : त्याला मराठी येत नाही माय.

उषाबाई : मले कुठं इंग्लिश येतं? लाव तू.

योगेंद्र : लागतोय. थांब. ...हां, टेंडाई. हो, घरूनच. माय बोलते म्हणते. घे.

उषाबाई : हालो. मी याची माय बोलते. माय. ...हा. ...हा. अरे योगेंद्र, याले समजलं की! हा पण माय माय करतो!

योगेंद्र : त्यांच्या भाषेत पण आईला माय म्हणतात.

उषाबाई : खरं?

योगेंद्र : खरंच.

उषाबाई : अगं बाई. ...पाय कसा शे, भाऊ? पाय. पाय! विचार रे त्याले.

योगेंद्र : बरा आहे म्हणतो. थंडीत दुखतो.

उषाबाई : त्याले विचार, तू टोपी कसाले काढली? याचा-तुझा काय संबंध? तुले पोरी नही का घरी? असंच विचार. गोड करू नको.

योगेंद्र : माय...

उषाबाई : विचार.

योगेंद्र : ...विचारलं.

उषाबाई : काय म्हणतो?

योगेंद्र : म्हणतो, यानं मायला हाक मारली. माय लांब होती.

उषाबाई : आणखी?

योगेंद्र : एवढंच.

जयश्री : आई, बसा. पाणी देऊ?

उषाबाई : पाणी नको. ठेव रे फोन, त्याले कामं असतील. ...इंजिन शिकायले कितला येळ लागस?

योगेंद्र : माणसावर आहे. त्याचा हात चांगला आहे. लवकर शिकेल.

उषाबाई : भूपेंद्रले मी सांगते, जागा ठेवता येत असेल तर ठेव, नही तर जाऊ दे.

योगेंद्र : मी लवकर येतो, माय.

उषाबाई : लवकर नको. त्याले नीट येऊ दे.