सांगणाऱ्याचं नाव

नर्सने थेंब घालून डोळे मिटून बसायला सांगितलं होतं, त्यामुळे शिंपीणबाईंना आता कानांचाच काय तो विरंगुळा होता. शेजारच्या बाकावर कुणी म्हातारे सर आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी बोलत होते.

"सर, माझा शोधनिबंध छापायला घेताहेत. फक्त एका संदर्भावर अडलंय."

"पान क्रमांक चुकला असेल. तू पहिल्यापासून धांदरट!"

"पुस्तकात नाहीच ते. तुम्ही बोलता बोलता सांगितलेलं. तोंडी माहिती असली की सांगणाऱ्याचं नाव लागतं, आणि त्याची संमती."

"मी सांगितलं? काय?"

"गांधीलमाश्यांचं."

"आठवत नाही गं. मग माझं नाव कसं घालशील? उद्या कुणी विचारलं तर मी काय, हात वर करू?"

"नाही घातलं तर लोक ते माझं समजतील. चोरीच की ती, सर."

"मग वगळून टाक."

"सगळा निबंध त्याच्यावरच उभा आहे."

"असं? सांग बघू मग, काय ते."

"पोळं अलगद काढून हातभर बाजूला टांगलं, तरी गांधीलमाशी आधी जुन्याच जागी येते. तिथे घिरट्या घालत राहते. मग शोधत शोधत पोळ्यापाशी जाते."

शिंपीणबाईंना राहवेना, पण डोळे उघडायची सोय नव्हती.

"वा! ज्यानं हे पाहिलं, त्याची नजर पक्की हं."

"हो, सर."

"त्याचं नाव मात्र गाळू नकोस, बरं का. कोण गं तो?"